डाव्या बाजूचे बबल

पांढऱ्या गाडीला पांढरीच फिल्म लावायची हे खूळ आपल्या बापाच्या डोक्यात कुठून शिरलं, ते ओंकारला काही केल्या कळेना. कट्टा गावच्या बाजारामागे त्याची रॅपिंगची, म्हणजे गाड्यांना रंगीत फिल्म चिकटवायची शेड. तिथे लोक काळी चकचकीत मागत, निळी मॅट मागत, कोणी हौशी तर छपरावर वाघाचे पट्टेसुद्धा मागे. आणि इथे गुरुदास, पर्यटकांना फिरवणारी आपली गाडी शेडमध्ये घालून म्हणतो, पांढऱ्यावर पांढरी चिकटव. गाडी टुरिस्ट परवान्याची, कागदावर पांढरी तर रस्त्यावरही पांढरीच हवी, हे कबूल. पण मग लावायचीच कशाला? तर म्हणे खाऱ्या वाऱ्याने रंग जातो. आता हाच वारा खात ती गाडी इतकी वर्षं कुडाळ स्टेशन ते तारकर्ली धावत होती, तेव्हा रंगाला काही धाड भरली नव्हती. पण बापाशी हुज्जत कोण घालणार? दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने पुण्याचं एक कुटुंब येणार होतं, पोराबाळांसकट, आणि त्यांना आणायला गुरुदास जाणार होता. ओंकारने मुकाट्याने काम सुरू केलं.

सपाट पत्र्यावर फिल्म कोणीही लावतो. खरी परीक्षा वळणावर, चाकावरचा पत्रा, म्हणजे फेंडर, जिथे पोटासारखा फुगतो आणि दिव्याकडे जाताना आत वळतो तिथे. ओढून-ताणून चिकटवली की हवा आत कोंडते आणि बबल उठतो. ओंकारची रीत ठरलेली होती. पत्रा धुवायचा, स्पिरिटने पुसायचा, फटीफटीतला मळ काढायचा. फिल्म सैल टाकायची, हीट गनने जरा मऊ करायची आणि वळणावर तिला तिच्या कलाने बसू द्यायची. मग मधून सुरुवात करून पट्टीने हवा कडेला हाकलत न्यायची. चुकलं तर दामटायचं नाही, उचलायची आणि पुन्हा घालायची. दामटणाऱ्या कारागिरांना तो तोंडावर नावं ठेवी, त्यामुळे बाजारात त्याच्यावर डाफरणारेही कमी नव्हते.

उजवी बाजू छान बसली. डावीही बसली. गाडी उन्हात काढली आणि तो जेवायला गेला. परत येऊन बघतो तर डाव्या फेंडरच्या वळणावर बबल. दारावर बबल. मागच्या चाकाजवळ बबल. उजवीकडे औषधालाही नाही. त्याने स्वतःलाच शिव्या घातल्या, सुईने टोचून हवा काढली, पट्टी फिरवली. थोड्या वेळाने शेजारी दुसरे उठले. फिल्म तीच, हात तोच, ऊन तेच, मग एकाच बाजूला हा काय ताप?

त्याने डाव्या फेंडरची फिल्म हळूहळू सोलायला घेतली आणि तिच्याबरोबर रंगही निघून आला. खाली पुट्टी, आणि पुट्टीच्या कडेला लांबलचक ओरखडा, त्यात जांभ्या चिऱ्याची लाल भुकटी अजून अडकलेली. दारावर तेच, मागे तेच. हा बाबली पेंटरच्या हातचा रंग, हे ओंकारने सोललेल्या थरावरून आत्ता ओळखलं, वरून तो कंपनीच्या रंगासारखाच दिसत होता. तो नुकताच मारलेला होता आणि ह्या दमट हवेत पुरता वाळला नव्हता. ओल्या रंगातून वाफ सुटते, वरून फिल्म घातली तर ती जाणार कुठे? हवा बाहेरून शिरलीच नव्हती, ती आतून येत होती.

चिऱ्याची भुकटी बघून त्याला गडगे आठवले. आवाराला घातलेला दगडी बांध म्हणजे गडगा, आणि आमच्याकडे रस्ते अरुंद, दोन्ही अंगाला गडगेच गडगे. गेले काही महिने गुरुदास घरीदारी एकच तक्रार करत होता, की लोकांनी गडगे पुढे सरकवले, गाडीला रस्ता उरला नाही. ह्यावर कोण शंका घेणार? कोकणात रात्रीत वीतभर पुढे न आलेला गडगा दाखवा. ओंकारनेही मान डोलावली होती, वर ग्रामपंचायतीत जाऊन भांडायची तयारीही दाखवली होती. एकदाही कोणी जाऊन बघितलं नाही. दुसऱ्याचा गडगा पुढे आला म्हटल्यावर बघायची गरजच कोणाला वाटते!

आणि मथुरा, त्याची आई. आयुष्यभर जिला गाडीत बसलं की मळमळायचं, ती हल्ली स्टेशनपर्यंत पुढच्या सीटवर बसून जात होती. म्हणे बाजार करायचा असतो. म्हातारपणी हनिमून काढलाय म्हणून शेजाऱ्यांनी तिची थट्टा केली, ओंकारही त्यात हसला होता. पुढची सीट म्हणजे डावी सीट.

गुरुदास बाहेर बाकावर चावी फिरवत बसला होता. ओंकार चहाचा ग्लास घेऊन त्याच्या डाव्या अंगाला उभा राहिला आणि काही न बोलता ग्लास पुढे केला. गुरुदास रस्त्याकडे बघत राहिला. ग्लास अगदी गालाजवळ नेला तरी बघतच राहिला. ओंकारने हाक मारली तेव्हा त्याने सगळी मान वळवली, दचकला, आणि लगेच हसून म्हणाला की झालं काय काम. ओंकारला राग आला. बाबलीचा आला, आईचा आला, स्वतःचा तर फारच आला, आणि त्या सगळ्याखाली भीती होती. उद्या ह्या गाडीत कोणाची तरी पोरं बसणार होती.

त्याने सोललेली फिल्म बापाच्या पुढ्यात धरली, रंगासकट. मग विचारलं, "बाबा, डाव्या डोळ्यान कधीपासून दिसणा नाय?"

गुरुदासने आधी गडग्यांचंच पालुपद लावलं. अमक्याने कसा बांध पुढे घेतला, तमक्याने कशी माती लोटली. बोलता बोलता त्याचा आवाज बसत गेला. फिल्मच्या मागे चिकटलेल्या रंगावरून त्याने अंगठा फिरवला. रंग अजून मऊ होता.

"गडगे हलूक नाय रे," तो म्हणाला. "जंयच्या थंय आसत. तुझी आवस बाजूक नसली काय पुढे येतत."

उद्या स्टेशनवर गाडी मी चालवत नेईन, असं ओंकारने सांगितलं. आई मागे बसेल आणि तुम्ही पुढे, हेही सांगितलं.

ओंकारने डावीकडूनच चावीसाठी हात पुढे केला. हात तसाच राहिला, गुरुदासच्या तो गावीही नव्हता. मग ओंकार बाकाला वळसा घालून उजव्या बाजूला गेला आणि तिथून त्याने हात पुढे केला.