वैजनाथरावांचे मौन

शैलजाने नागपूरहून आणलेली भाषा बुलढाण्याच्या घरात सगळ्यांत आधी ऐकली ती मांजराने. दुधाची वाटी त्याच्यापुढे सरकवत ती म्हणाली, "सिलाकान!" मांजराने मागचापुढचा विचार न करता वाटीत तोंड घातले.

"पाहिलं आई? त्याले समजलं."

"त्याले दूध समजलं," सुभद्राबाई चुलीपुढून म्हणाल्या. "ते कोण्याही भाषेत पेलं असतं."

नागपूरला विद्यापीठात त्या वर्षी इंडोनेशियाच्या भाषेचा नवशिक्यांसाठी वर्ग निघाला होता. शिकवणारी जावाची एक तरुणी होती, सुलास्त्री नावाची. ती स्वतःही तिथे शिकायलाच आलेली. तिकडे डचांना घालवून द्यायची लढाई चाललेली, वर्तमानपत्रांत रोज बातम्या, त्यामुळे पहिल्या दिवशी वर्गात उभे राहायलाही जागा नव्हती. दिवाळीपर्यंत उत्साह ओसरला आणि बोटांवर मोजण्याइतकी डोकी उरली. त्यांत शैलजा सगळ्यांच्या पुढे.

सुलास्त्रीबाईंची शिकवायची तऱ्हा न्यारी. शब्द मागाहून, आधी माणसांत वावरायचे कसे ते. मोठ्यांच्या समोरून जाताना वाकून जायचे. द्यायचे-घ्यायचे ते उजव्या हाताने. आणि पाहुणे म्हणून गेलात तर पुढ्यात काहीही येवो, घरातला वडीलधारा 'सिलाकान', म्हणजे 'घ्यावे', म्हणाल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. म्हणाला की घ्यायचे. पण पेल्यात तळाशी घोटभर राहू द्यायचे, नाहीतर माणूस हावरा ठरतो. शैलजाने हे इतके मनावर घेतले, की वसतिगृहात ती सिलाकानची वाट पाहत बसायची आणि तेवढ्यात शेजारणी तिच्या वाटचे पापड फस्त करायच्या.

आता सुटीत हे वेड घरी आले होते. वडिलांपुढे चहाची कपबशी ठेवायची तर सिलाकान, अडकित्ता द्यायचा तर सिलाकान. वैजनाथराव कचेरीत हेडक्लार्क. लोकांचे अर्ज वाचण्यात हयात गेलेली. ते वर्तमानपत्राआडून विचारायचे, "काऊन वो, मराठीत देला तर चहा थंडा होते का?" कधी म्हणायचे, "सारं खरं. पण त्या भाषेत अर्ज कोणाले करायचा?"

थट्टा होती, पण थट्टेच्या खाली एक गोष्ट ठरत आली होती. ही परीक्षा झाली की नागपूर बंद, मुलीने घरी यावे, असे त्यांच्या मनाने घेतले होते. शैलजा रडली, रुसली, एक वेळ जेवली नाही. शेवटी ते म्हणाले, "तुह्या बाई लोणारचं तळं पाहाले येऊन राह्यल्या न? येऊ दे. माणूस पाहातो, मंग सांगतो."

म्हणजे सगळे त्या एका भेटीवर येऊन ठेपले. शैलजा तेव्हापासून दिवस मोजत होती, आणि एके सकाळी बाई मलकापूरला आगगाडीतून उतरून, सर्व्हिस मोटारने घाट चढून दारात उभ्या राहिल्या.

बाई लहानखुऱ्या आणि हसऱ्या होत्या. उंबऱ्यात त्यांनी वैजनाथरावांना वाकून नमस्कार केला. शेजारच्या वच्छलाबाई वाढायला मदत म्हणून आणि त्याहून जास्त पाहायला म्हणून आल्या होत्या. सुलास्त्री हे नाव ऐकून त्यांनी पाहुणीला केव्हाच आपल्यातली ठरवून टाकले होते. ती मुसलमान आहे हे कळल्यावर त्या सुभद्राबाईंना माजघरात ओढून म्हणाल्या, "मंग पान कुठं मांडता तिचं?"

"पंगतीत. माह्या लेकीची गुरू आहे," सुभद्राबाईंनी सांगितले.

यावर वैजनाथराव काय म्हणतात याची शैलजाला धास्ती होती. पुढल्या खोलीत पाट त्यांनी स्वतः मांडले, एका ओळीत.

सुभद्राबाईंनी पुरणपोळी केली होती आणि तूप वऱ्हाडी हाताने ओतले होते. पाहुणी भाताच्या मुलखातली म्हणून भाताचा हा डोंगर. वैजनाथरावांनी चित्राहुती घातल्या, आपोष्णी घेतली, आणि त्यांचे मौन सुरू झाले.

या मौनाविषयी सांगितले पाहिजे. जेवताना बोलायचे नाही हा वैजनाथरावांच्या वडिलांपासून चालत आलेला नेम. चुकून शब्द गेलाच तर त्या रात्री उपास. आणि तो जाऊ देतील तर ते वैजनाथराव कसले! एकदा खिडकीतून वानर आले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत भाकरीचे टोपले घेऊन गेले. हात धुऊन झाल्यावर ते शांतपणे बायकोला म्हणाले, "वानर येऊन गेलं."

तर मौन सुरू झाले आणि पंगत थांबली. पाहुण्याने घास घेतल्याशिवाय यजमानाने घ्यायचा नाही, ही आपली रीत; वैजनाथराव बाईंच्या हाताकडे पाहत बसले. बाई मांडीवर हात ठेवून, मान किंचित लववून, वैजनाथरावांच्या तोंडाकडे पाहत बसल्या.

"घ्या न बाई, थंडं होते," सुभद्राबाई म्हणाल्या. बाई गोड हसल्या, पण हात काही हलला नाही.

तेव्हा शैलजाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि पाठोपाठ तोंडचे पाणी पळाले. हा तर आपला पहिलाच धडा! पाठ करून मांजरालासुद्धा शिकवला, आणि घरी पाहुणी येणार तेव्हा वडिलांना एक शब्द सांगून ठेवायचे सुचले नाही. "सिलाकान, बाई," ती पुटपुटली. बाईंनी तिच्याकडे जरा मिश्कीलपणे पाहिले आणि डोळ्यांनीच वैजनाथरावांकडे दाखवले. विद्यार्थिनीच्या शब्दाला इथे काय किंमत? घरात वडीलधारे समोर बसले होते.

"पाहाय, आपलं अन्न चालत नाही वाटते तिले," वच्छलाबाई कुजबुजल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा. सुभद्राबाईंचा चेहरा उतरला. इतक्या हौसेने रांधलेले ताटात निवत होते, तूप थिजू लागले होते. सकाळचे माजघरातले बोलणे पाहुणीच्या कानावर गेले की काय, अशी शंका त्यांच्या डोळ्यांत दिसली.

"बाबा, ऐका न," शैलजा घाईने म्हणाली, "त्यांच्यात घरातल्या मोठ्या माणसानं..."

वैजनाथरावांनी हात वर करून तिला थांबवले. झाले, तिला वाटले. माणूस पाहून झाला. नागपूर संपले.

वैजनाथरावांनी घसा साफ केला. पाहुणीकडे वळून, कचेरीत साहेबांपुढे बोलावे तसे जपून, एकेक अक्षर सुटे करत ते म्हणाले, "सि-ला-कान." आणि तेवढ्याने यजमानपण पुरे झाले नाही असे वाटून पुढे म्हणाले, "घ्या जी बाई. सावकाश होऊ द्या."

सुभद्राबाईंच्या हातातली तुपाची पळी तशीच राहिली. सुलास्त्रीबाईंनी दोन्ही हात जोडले, उजव्या हाताने पोळीचा तुकडा मोडला, तुपात बुडवला, आणि तोंडात घालून डोळे मिटले. मग वैजनाथरावांनी आपला घास घेतला आणि पुन्हा गप्प झाले. शैलजाला मात्र समोरचे ताट दिसेना. वर्तमानपत्राआडून हा माणूस इतके दिवस ऐकत होता! चहा घेताना, सुपारी कातरताना, थट्टा करताना, तो तिचा शब्द घोकत होता. आपला बाप आपल्याला इतका प्यारा आहे हे तिला आजवर ठाऊकच नव्हते.

दुपारी बाई थोड्या पडल्या. संध्याकाळी सुभद्राबाई त्यांना जवळचे देऊळ आणि दरीकडचा देखावा दाखवायला घेऊन गेल्या. उद्या सगळे मिळून लोणारला जायचे ठरले. वैजनाथराव ओसरीवर बसले होते. रात्रीचे जेवण नाही हे त्यांनी आधीच सांगून टाकले होते. नेम तो नेम. शैलजाने दूध तापवले आणि पेला त्यांच्यापुढे आणून ठेवला.

त्यांनी पेल्याला हात लावला नाही.

"घ्या न बाबा. दूध चालते उपासाले."

तरी नाही. ते मांडीवर हात ठेवून, चष्म्यावरून तिच्याकडे पाहत राहिले. चेहरा अगदी गंभीर, पण मिशीचे एक टोक हलत होते.

शैलजाला हसू फुटले आणि त्याबरोबर डोळेही भरून आले. "सिलाकान, बाबा," ती म्हणाली.

वैजनाथरावांनी उजव्या हाताने पेला उचलला, दूध प्यायले, आणि घोटभर तळाशी ठेवून पेला खाली ठेवला.

"आता नागपूरले गेली की पुढचे शब्द लेहून धाडत जाजो," ते म्हणाले. "या एका शब्दावर मी घर किती वर्षं चालवू?"