पांढरं करणारे हात

“माझ्या नाण्यांवर आधी ठसा मारा, काका. बघा, अजून कशी पांढरीशुभ्र आहेत,” म्हणत सिस्ली धोबिणीने लोकरीची पुरचुंडी सोडली आणि आठ शिलिंग टेबलावर मांडले. शेजारी ओटची एक भाकरी ठेवली. “सकाळपासून उपाशीच असाल.”

नव्या राणीच्या हुकमाने गावोगावच्या बाजारात भेसळीच्या जुन्या नाण्यांवर ठसे मारणं चाललं होतं. त्यातल्या बऱ्या नाण्यावर फाटकाचा ठसा, म्हणजे ते साडेचार पेनीचं; हलक्यावर कुत्र्याचा, म्हणजे सव्वादोनचं. सोनाराकडचा जुना कारागीर म्हणून हम्फ्रीला त्या कामावर बसवलं होतं.

“आठांवर फाटक म्हणजे छत्तीस पेनी,” सिस्ली म्हणाली. “तेवढ्यात मेंढपाळ गाभण मेंढी देतोय. बारा पेनीचं हे नाणं सहाचं झालं तेव्हासुद्धा मी यांना हात लावला नाही.”

“आमच्या नाण्यावरच्या राजाचे गाल लाजून लाल झाले,” मागून कुणीतरी आपलं तांबं उघडं पडलेलं नाणं दाखवत म्हणालं. “हिचा मात्र निगरगट्ट दिसतोय.” रांग हसली. सिस्लीही हसली.

हम्फ्रीने नाणं उजेडाकडे वळवलं. कडेला बारीक लिलीचं फूल होतं. सगळ्यांत वाईट खेपेतलं नाणं. चार भागांत तीन भाग तांबं. ते पांढरं का होतं, हे त्याला पाहावंही लागलं नाही. दारूच्या पिंपात साचणारा आंबट क्षार आणि मीठ घातलेल्या पाण्यात उकळलं की वरवरचं तांबं विरघळतं, चांदीचा पापुद्रा उरतो. हाताळलं की तो झिजतो. हिने हाताळलंच नव्हतं.

त्याने कुत्र्याचा ठसा उचलला. आठांच्याही कडेला तेच फूल होतं; आठ वेळा हातोडा मारला.

“चुकलात, काका. पांढरी आहेत ती.”

“कडेला फूल आहे, बाई,” शेजारचा शिपाई म्हणाला. “फूल म्हणजे कुत्रा. हुकूमच आहे तसा.”

“मग पांढरी कशी?” तिने शिपायाला नाही, हम्फ्रीला विचारलं.

माहीत नाही, एवढं म्हणून भागलं असतं. दहा वर्षं त्याचं भागलंच होतं.

“मी केली,” तो म्हणाला. “टांकसाळीत होतो तेव्हा. आम्ही उकळून वरचं तांबं काढायचो. आतलं तसंच राहायचं.”

“ठाऊक होतं तुम्हाला?”

“हो.”

सिस्लीने त्याची क्षाराने खाल्लेली नखं पाहिली. तिची स्वतःची बोटं राखेच्या पाण्याने सुरकुतली होती.

“मीही पांढरंच करते, काका,” ती हळू आवाजात म्हणाली. “पण मळ काढून.”

नाणी बांधून ती गेली. भाकरी तिने परत नेली नाही.

पुढच्या माणसाला नाणी ठेवायला जागा हवी होती. हम्फ्रीने भाकरीकडे नेलेला हात मागे घेतला आणि ठशाच्या दांड्याने ती हळूच बाजूला सरकवली.