पाहुणीचं गाव

"पाहुणा घरी आला की आपण आधी त्याचं गाव विचारतो," हर्षल सायलीला सुरुवातीलाच म्हणाला होता. "तुझ्या या पाहुण्यांचा निदान फोन नंबर तरी घेऊन ठेव."

सायली लेकीला वरणभात भरवत होती. "अहो, ब्लॉगवर येणारे पाहुणे ते. जेवायला थोडेच येतायत?" म्हणत तिनं ते हसण्यावारी नेलं.

'केळीचं पान' हा तिचा पुस्तकांचा ब्लॉग. दर महिन्याला एक पाहुणा लेखक तिथं लिहायचा आणि आपल्या पुस्तकाची एक प्रत भेट द्यायचा. वाचक खाली प्रतिक्रिया लिहायचे. त्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या सायली डब्यात घालायची, लेक त्यातली एक उचलायची.

या महिन्याची पाहुणी वैजयंती. ती बऱ्हाणपूरजवळच्या चांदनी गावची, एवढंच ईमेलमध्ये होतं. एकच कथासंग्रह, तोही पदरमोड करून छापलेला. लेख मात्र असा, की सायलीनं ओट्याशी उभ्यानंच वाचून काढला आणि दूध उतू गेलं. "बाळ मांडीवर रडत असतं आणि मला वाटतं, रडणं पलीकडच्या घरातून येतंय," असं वैजयंतीनं लिहिलं होतं. शेवटी होतं, "बाळ उठलं. आता जाते."

सायलीनं तिथं 'येते' केलं. बऱ्हाणपुरात हिंदीच्या नादानं कितीतरी जण 'चला, जाते मी' म्हणून मोकळे होतात. सासूबाई तिला त्यावरून नेहमी टोकायच्या. तिनं वैजयंतीला कळवलंही, "आपल्याकडची सवय. मीपण तशीच बोलते. दुरुस्त केलंय."

उत्तर आलं, "तुम्हाला बरं वाटेल तसं करा."

मग कुरिअरनं खोकं आलं. एका प्रतीच्या जागी खोकंभर पुस्तकं, बरीचशी जुनी, हाताळलेली. पहिल्या पानावरचं नाव प्रत्येकात गिरगटून टाकलेलं. वर चिठ्ठी, "सगळी वाटून टाका." सायली हरखून गेली. 'बंपर गिव्हअवे' असं तिनं मोठ्या अक्षरांत टाकलं. वाचक तुटून पडले. रडण्याच्या ओळीवर स्नेहल नावाच्या वाचकानं लिहिलं, "काय सुंदर प्रतिमा आहे." सायलीनंही खाली बदाम टाकला.

चिठ्ठी काढायच्या दिवशी सासूबाई इतवाऱ्याच्या बाजारात भाजीला निघाल्या. लेक पिशवीला लोंबकळून म्हणाली, "मी पण जाती."

"जाती नाही गं बाई, येते म्हणावं. परत यायचं नसलं की जाते म्हणतात."

"मम्मी तर म्हणते."

"तुझी मम्मी काय, अर्धी हिंदी ती."

एरवी सायलीनं उलटून काहीतरी ऐकवलं असतं. आज तिनं डबा खाली ठेवला आणि फोनवर लेख पुन्हा काढला. अख्ख्या लेखात हिंदीचा एक शब्द नव्हता. जिची मराठी इतकी स्वच्छ, ती नेमकी शेवटच्या ओळीत चुकेल?

आणि ते पलीकडच्या घरातलं रडणं. लेक तान्ही असताना सायलीही पंख्याकडे बघत पडून राहायची. पोर शेजारी टाहो फोडायची आणि हिचा हात उचलला जायचा नाही. सासूबाई उशाशी येऊन बसल्या, डॉक्टरकडे घेऊन गेल्या, म्हणून ती उठली. तिला ती ओळ कळायला हवी होती.

तिनं मेलमागून मेल पाठवले. उत्तर नाही. खोक्यावर पाठवणाऱ्याच्या जागी नुसतं 'चांदनी'.

हर्षल मोटरसायकल काढून चांदनीला गेला. स्टेशनजवळ विचारलं, किराणा दुकानात विचारलं, अंगणवाडीतही जाऊन आला.

"वैजयंती नावाचं तिथं कुणीच नाही," आल्यावर तो म्हणाला. "टोपणनाव असेल."

फोन नंबराचं त्यानं काढलं नाही. काढलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

सायलीनं चिठ्ठ्या तशाच राहू दिल्या. गिव्हअवे बंद केला, 'येते' खोडून 'जाते' पुन्हा जागेवर ठेवलं आणि वर लिहिलं:

"ही ओळ मी बदलली होती. तिचं खरं नाव मला माहीत नाही. ती चांदनीची की आणखी कुठली, तेही आता सांगता येत नाही. तिचं बाळ लहान आहे, ती लिहिते, आणि तिनं आपली पुस्तकं वाटून टाकली आहेत. अशी कुणी तुमच्या गल्लीत, नात्यात, घरात असेल, तर मेसेज पाठवून थांबू नका. आज तिच्या दारावर जा. ती बरी आहे म्हणाली तरी आत जाऊन तिच्यापाशी बसा."