बायाक्काच्या छातीवरची सावली

निपाणीत तंबाखूच्या वखारीमागं मांडव उभा राहिला आणि आठवडाभरात सगळं गाव तिकडं धावायला लागलं. चिकोडीकडून टेम्पो भरून माणसं येत होती. कोगनोळीचा नाका ओलांडून पलीकडच्या राज्यातलीही येत होती. सीमेच्या वादात एरवी हमरीतुमरीवर येणारे लोक इथं मात्र एका रांगेत, एकमेकांच्या चपला सांभाळत उभे होते. महाराज म्हणून हाक मारा की स्वामी म्हणून, श्री छायानंद दोन्ही भाषांत हात वर करत.

छायानंदांचा चमत्कार नव्या जमान्याचा होता. लिंबू नाही, अंगारा नाही, कोंबडं नाही. सेवेकरी भक्ताला चहा देत, "काय दुखतंय, कधीपासनं?" असं मायेनं विचारत आणि पांढऱ्या पडद्यासमोर उभं करून त्याचा फोटो काढत. फोटो 'ध्यानकक्षा'त जाई. ध्यानकक्ष म्हणजे भगव्या कापडाआड मांडलेलं एक टेबल. थोड्या वेळानं तोच फोटो स्टेजवरच्या मोठ्या स्क्रीनवर झळके, आणि मांडवात "आगाऽऽ" असा आवाज उठे. कारण ज्याचा गुडघा दुखतोय त्याच्या गुडघ्यावर आणि जिचं पोट दुखतंय तिच्या पोटावर धुरासारखी काळी सावली बसलेली दिसे.

"डॉक्टरचा एक्स-रे हाडं दाखवतो," महाराज माइकवर गरजत, "आमचा कॅमेरा कर्म दाखवतो! विज्ञानाचं जिथं संपतं, तिथं आमचं मेगापिक्सेल सुरू होतं!"

मग होम, घंटा, मंत्र. तासाभरानं भक्ताला पुन्हा पडद्यासमोर उभं करत आणि 'शुद्धीनंतरचा' फोटो स्क्रीनवर येई. सावली गायब! टाळ्या, जयजयकार, कुणाच्या डोळ्यांना पदर. दोन्ही फोटो भक्ताला घरी न्यायला मिळत.

बायाक्का असेच दोन फोटो घेऊन आपल्या भाचीच्या, नीलमच्या दुकानात आली. बायाक्काचं सगळं आयुष्य विड्या वळण्यात गेलेलं. नीलमचं बसस्टँडजवळ डिझाइनचं दुकान. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फलक, दुकानांच्या पाट्या. छायानंदांचे गावभर लागलेले फलकही तिनंच छापून दिले होते. धंदा म्हणजे धंदा.

"नीलम, हे दोन्ही एका फ्रेममधी बसीव गं," बायाक्का म्हणाली. "ह्यो आधीचा आन् ह्यो नंतरचा. बघ, छातीवरची सावली कशी गेली!"

बायाक्कासोबत तिचा मुलगा मष्णू होता. रिक्षा चालवायचा आणि रिक्षाच्या मागं छायानंदांचा फोटो लावून फिरायचा. "लई ताकदीचा मानूस हाय," तो म्हणाला.

नीलमनं फोटो स्कॅन करून मोठे केले. सवयच ती. गिऱ्हाइकाचा फोटो आला की आधी त्याची प्रत करायची, मूळ फाइलला हात लावायचा नाही, आणि मोठं करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बघायचं. पुढं फलकावर माणसाचं नाक हातभर होतं, तेव्हा बारीकशी खोटही लपत नाही. ती बघत होती आणि बघता बघता तिचा हात थांबला.

"आक्का, हे दोन फोटो कधी काढले?"

"एक होमाच्या आधी, एक नंतर. मधी तासभर गेला की."

"मग दोन्हीत तुझा डावा डोळा अर्धा मिटलेला कसा? दोन्हीत ही बट कानावर अशीच आलेली. पदराच्या चुण्या बघ, एकीचीबी जागा बदललेली न्हाय. तासभर तू दगडासारखी उभी होतीस व्हय?"

मष्णू म्हणाला, "महाराजांच्या फोटोत काळ थांबतोय."

नीलमला हसू आलं, पण ती हसली नाही. तिनं एक फोटो दुसऱ्यावर ठेवला आणि वरचा अर्धवट पारदर्शक केला. बायाक्कावर बायाक्का तंतोतंत बसली. "आक्का, ह्यो एकच फोटो हाय. नंतरचा म्हणून दिलाय तो खरा. त्याच्यावर काचेसारखा एक थर ठेवायचा, थरावर काळा धूर काढायचा, झाला आधीचा. आमच्यात त्याला लेयर म्हणत्यात. थर झाकला की धूर गेला. तुझ्या छातीतनं काय गेलं न्हाय. काढलं ते फोटोतनं."

तिनं गुडघ्यासाठी महाराजांकडं जाऊन आलेल्या शेजारच्या भरमाअण्णांचा फोटोही मागवून घेतला. त्यांच्या गुडघ्यावरची सावली उलटी करून, जरा ताणून बायाक्काच्या छातीवरच्या सावलीवर ठेवली. वरचं टोक, मधलं भोक, खालची वाकडी शेपटी, सगळं जुळलं.

"एकाच जातीची पिडा असंल," मष्णूनं खुलासा केला.

त्यावर बायाक्का हसायला गेली आणि खोकायला लागली. खोकला लवकर थांबेना. तोंडावर पदर धरून ती खाली बसली. नीलमनं पाणी दिलं आणि विचारलं, "आक्का, टीबीच्या गोळ्या घेतीस न्हवं?"

बायाक्कानं पाण्याचा पेला खाली ठेवला.

"आक्का?"

"सावली गेल्यावर कशाला घ्यायच्या? महाराज म्हणाले, गोळ्यांनी शुद्धी बाटतीया."

आता नीलमचं हसू कुठल्या कुठं गेलं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी गोळ्या सुरू करताना तिच्यासमोरच बजावलं होतं, बरं वाटलं तरी मध्येच सोडायच्या नाहीत, सोडल्या तर रोग गोळ्यांना दाद देईनासा होतो. नीलम ओरडली, तिनं विनवण्या केल्या. बायाक्का हट्टी. "तू कंप्युटर शिकलीस म्हणून देवापेक्षा शानी झालीस व्हय? ते अंतर्ज्ञानी हायत. मानसाचा नुसता फोटो बघून आतलं सांगत्यात."

"बरं," नीलम म्हणाली. "मग मी एक फोटो देतो. त्यो त्यांना दाखव."

छायानंदांचा फोटो तिच्याकडं होताच, फलकासाठी त्यांनीच पाठवलेला, चांगला मोठा. बायाक्का आणि मष्णूच्या समोरच ती कामाला बसली. मूळ फाइल बाजूला ठेवली, प्रत उघडली. जटा गेल्या, तिथं तेल लावून चापून बसवलेले केस आले. दाढी जायला वेळ लागला. कपाळावरची कातडी आणून गालांवर आणि हनुवटीवर बसवावी लागली. रुद्राक्ष गेले, पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट आला. बारीक मिशी आणि चष्मा. स्क्रीनवर एक सुस्तावलेला, गुबगुबीत गृहस्थ बसला, जणू सोसायटीचा माजी चेअरमन.

"आक्का, ह्यो तुझा चुलतभाऊ भावकू, चिकोडीचा. दम लागतोय म्हणून सांग. महाराजांनी सोताला वळखलं तर मी भर मांडवात त्यांच्या पाया पडतो."

"आन् न्हाय वळखलं तर?"

"उद्यापासनं गोळ्या."

बायाक्कानं बराच वेळ त्या माजी चेअरमनकडं पाहिलं. "वळखतील," ती म्हणाली, पण पहिल्याइतक्या जोरात नाही.

दुसऱ्या दिवशी मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. येऊ न शकणाऱ्या रोग्यांचे फोटो मोबाइलवर घेतले जात. विनोद नावाचा सेवेकरी ते गोळा करून भगव्या कापडाआड जाई. बायाक्कानं भावकूचा फोटो दिला. विनोदनं धड बघितलाही नाही. "काय हुतंय? दम? बरं, बसा."

थोड्या वेळानं भावकू स्क्रीनवर आला. छातीवर तीच सावली, तीच वाकडी शेपटी.

छायानंदांनी डोळे मिटले, उघडले, स्क्रीनकडं बोट रोखलं. "अरेरे! हा माणूस आतून पोखरलाय! गेल्या जन्मी यानं लोकांना फसवलं, आणि या जन्मीही सवय सुटलेली नाही. चेहऱ्यावरच दिसतंय बघा! माई, कोण हा तुमचा?"

बायाक्का उभी राहिली. मांडवाच्या मागच्या बाजूला नीलम आणि मष्णू उभे होते, हातात गुंडाळलेला भलामोठा फलक. मष्णूनं तो उचलायला आधी नकार दिला होता. भावकूच्या निदानाचं शेवटचं वाक्य ऐकल्यावर मात्र त्यानंच आपली बाजू आधी वर केली.

फलक उलगडला. पहिल्या चित्रात भावकू. दुसऱ्यात भावकूला जटा. तिसऱ्यात दाढी. चौथ्यात रुद्राक्ष, भगवं उपरणं आणि आशीर्वादाचा हात.

"ह्यो तुमीच की, महाराज," बायाक्का म्हणाली. माइक नव्हता, पण मांडव इतका गप्प झाला होता की शेवटच्या रांगेला ऐकू गेलं. "सोताचं तोंड वळखू आलं न्हाय, माझ्या छातीतलं कसं दिसलं तुमास्नी?"

छायानंद क्षणभरच गडबडले. धंद्यात मुरलेला माणूस. "आम्हाला ठाऊक होतं! भक्तांचं पाप आम्ही अंगावर घेतो, तीच ही सावली!"

पुढच्या रांगेतल्या काहींनी मान डोलावलीसुद्धा.

मष्णू मागून ओरडला, "मग सोतालाच लबाड कशापायी म्हणालासा?"

कुणीतरी फिसकन हसलं. हसू रांगारांगांतून पुढं सरकलं. नीलम खुर्चीवर चढली आणि सांगायला लागली. एकच फोटो, त्यावर एक थर, थरावर धूर. "आपापले फोटो शेजारच्याच्या फोटोशी लावून बघा. सगळ्यांवर एकच सावली हाय, कधी उलटी, कधी ताणलेली. आन् कामबी कच्चं. कडा बघा, कात्रीनं कापल्यागत. नव्या शिकणाऱ्याला मी असलं काम करू देत न्हाय."

भगवं कापड बाजूला झालं आणि विनोद बाहेर आला, रागानं लाल झालेला. "एवढ्या गर्दीत कडा कधी नीट करायच्या? एकेका मानसाला धड वेळ तरी मिळतोय का?"

बोलून गेल्यावर त्याला कळलं, आपण काय बोललो ते. महाराजांनी त्याच्याकडं अशी नजर टाकली की त्या नजरेत खरंच जादू असती, तर पोरगा जागेवर भस्म झाला असता. तो नुसता घामाघूम झाला. माणसं खिशातून, पिशवीतून फोटो काढून एकमेकांच्या फोटोंना लावू लागली. भरमाअण्णा गुडघा विसरून स्टेजकडं धावले.

पोलीस आले तेव्हा छायानंद मांडवामागून निघून गेलेले होते. काही दिवसांनी नाक्यापलीकडच्या एका गावात त्यांना धरलं. असल्या फसवणुकीविरुद्ध नाक्याच्या दोन्ही बाजूंना कायदा आहे, हे अंतर्ज्ञानात आलं नसावं.

बायाक्काला नीलमनं दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात नेलं. बाई रागावल्या, बेडका पुन्हा तपासायला घेतला. जंतू परत वाढले होते. "नशीब, औषधाला अजून दाद देताहेत," रिपोर्ट बघून त्या म्हणाल्या. गोळ्या नव्यानं सुरू झाल्या. आता बायाक्का त्या मष्णूच्या देखत घेते आणि जीभ बाहेर काढून दाखवते, गिळली म्हणून. वजन हळूहळू वाढतंय.

निपाणीत अजूनही काहीजण म्हणतात, महाराज खरे होते, सेवेकरी पोरगा वाईट निघाला. त्यांना समजावून सांगायला नीलम थकत नाही. शेजारच्या शाळेनं बोलावलं तर लॅपटॉप घेऊन जाते, मुलांच्या डोक्यावर शिंगं काढून दाखवते, पुसून दाखवते, मग त्यांच्याच हातांनी करवून घेते. एकदा स्वतः शिंग काढलेला मुलगा दुसऱ्यानं काढलेल्या शिंगाला घाबरत नाही.

फोटोत काहीही घालता येतं आणि काहीही काढता येतं. त्यात देव नाही, भूत नाही. माऊस धरलेला एक माणूस आहे. तेव्हा कुणी तुमचा आजार पडद्यावर दाखवून पडद्यावरूनच पुसून टाकला, तर टाळ्या वाजवण्याआधी त्याला एवढंच विचारा: फोटो साफ केलात, पण माझी छाती कुणी तपासली?