कडब्याइतकी जागा

सोनूबाईनं पाटा अंगणात आणून धाडकन टाकला, तशी द्वारकाबाई आतून ओरडतच आली.

"वन्सं, माझ्या आईनं दिलेला पाटा हाय तो!"

"मंग बरंच झालं की. आईच्याच गावाला चाललीस. म्हणावं, दुसरा दे. मेहकराकडं दगड मिळत न्हाईत का?"

नणंदेशी भांडायला अंगात जीव लागतो, आणि त्या आठवड्यात घरात कुणाच्याच अंगात जीव उरला नव्हता. द्वारकाबाई पदरानं घाम पुसत आत गेली. सोनूबाई मात्र कमरेवर हात ठेवून, पाठीतली कळ गिळत, गोठ्याजवळ सोडलेल्या गाडीकडं बघत राहिली. पाटा गेला, वरवंटा गेला. म्हणजे एका गुडघ्याची जागा झाली.

साल अठ्ठेचाळीस, वैशाख लागलेला. त्यांचं गाव वाटूर निजामाच्या राज्यात आणि मेहकर सरहद्दीच्या पलीकडं, हिंदुस्थानात. बैलगाडीनं जायचं तर वाटेत मुक्काम करून पोचता येतं, पण मुलूख परका, तिथला पैसा वेगळा, आणि मधल्या नाक्यावर गाठोडी सोडून दाखवायची. इकडं रोज कुठून ना कुठून लुटालुटीची बातमी यायची. सोनूबाईच्या भावाचा, धर्मराजचा, मुलगा आधीच पलीकडं निघून गेलेला. त्या मुलाची बायको पुष्पा पोटुशी, पदरात दोन पोरं. धर्मराजनं बरेच दिवस ऐकून घेतलं, आणि एक दिवस जेवता जेवता हात धुऊन सांगून टाकलं, "द्वारकाच्या माहेराला जायचं. परत कधी यायचं ते देवाला ठाऊक. गाडी एकच हाय. मावंल ते न्यायचं, बाकीचं काढा. आणि गावात बोभाटा नको, बिलकुल नको."

गाडीत कोण बसणार हे त्यानं सांगितलं. द्वारकाबाई, पुष्पा, दोन पोरं, आणि हाकायला तो स्वतः. सोनूबाईचं नाव त्यानं घेतलं नाही. चल असंही म्हणाला नाही, आणि राहा असंही म्हणाला नाही.

आता तुम्ही म्हणाल, विचारायचं की मंग सरळ! अहो, सख्खा धाकटा भाऊ. सोनूबाई लग्नाच्या वर्षातच विधवा होऊन माहेरी आली, तेव्हा हा धर्मा नाकात शेंबूड घेऊन हिंडत होता. आई गेल्यावर तिनंच त्याला न्हाऊमाखू घातलं, तिनंच त्याची बायको पसंत केली. असं असून विचारायला काय झालं? तेच तर झालं होतं. विचारलं असतं तर त्याला उत्तर द्यावं लागलं असतं, आणि ते उत्तर काय येईल याची सोनूबाईला खात्री नव्हती. म्हणून तिनं ठरवलं, विचारायचंच नाही. गाडीत जागा करायची. जागा रिकामी दिसली म्हणजे 'तू राहा' हे कुणाच्या तोंडून निघेल? कुणाची छाती होईल?

म्हणून ती घरावर तुटून पडली.

काठवट काढली, उखळ काढलं, दोन हंडे काढले, मोठी परात काढली. द्वारकाबाईनं रुखवतातलं गंगाळ गुपचूप पोत्यात घातलं की हिनं ते गुपचूप बाहेर काढावं. "पोरांना अंघोळ कशात घालू?" असं द्वारकाबाईनं विचारलं, तर म्हणाली, "नदी आटली का तिकडची?" गोधड्यांच्या चळतीतून निम्म्या काढल्या. देव्हाऱ्यातले टाक मात्र तिनं स्वतःच्या हातानं फडक्यात बांधले आणि समईसकट गाडीत आधी ठेवले. देवांना जागेचं विचारावं लागत नाही, एवढं तिच्या मनात येऊन गेलं आणि तिलाच आपली लाज वाटली.

काढायचं ते ठीक, पण ठेवायचं कुठं? विकायला काढलं तर तासाभरात गावभर होणार. मग तिनं एक युक्ती केली. एकेक भांडं पदराखाली घ्यायचं आणि शेजारणीकडं जायचं. "घर सारवायला काढलंय बाई, उतरंड सगळी हलवली. एवढी परात तुझ्याकडं राहू दे. लागली तर वापर, सवडीनं आणून दे." सगुणाबाईकडं घागर गेली, परात तिच्या शेजारच्या घरात गेली. काठवट पलीकडच्या आळीत गेली. गोधड्या कुणाकुणाकडं गेल्या. उन्हात हिंडून हिंडून तिचे पाय भरून यायचे. वाटेत कुणाच्या तरी ओट्यावर टेकावं, पाणी मागावं, पुन्हा उठावं. सारवणाचं कारण बायकांना पटत होतं की नाही कोण जाणे. विचारलं मात्र कुणी नाही.

शेवटी राहिला कंदील. घरात कंदील दोन. एक गाडीखाली टांगायला लागणार होता. दुसरा काचेचा, आपटला तर फुटणार, आणि गवतात गुंडाळून ठेवायचा तर एका माणसाच्या कुशीइतकी जागा खाणार. सोनूबाईनं तो उचलला आणि नंदाबाईच्या दाराशी गेली.

नंदाबाई म्हणजे समोरच्या घरातली सून. तिच्याशी सोनूबाईचं बोलणं तुटल्यासारखंच होतं. कारण काय, तर सूप. मागच्या संक्रांतीला नंदाबाईनं सूप नेलं आणि परत आणलं ते रिकामं. बिलकुल रिकामं, त्यात चिमूटभर हळदसुद्धा नाही! वाटूरात बाई कुणाचं भांडं परत करताना त्यात काहीतरी घालतेच. मूठभर ज्वारी घाला, गुळाचा खडा घाला, काही नसलं तर चार शेंगा घाला, पण रिकामं भांडं दुसऱ्याच्या दारात नेऊ नये. सोनूबाई तर या बाबतीत भलतीच कडक. तिनं दुसऱ्या दिवशी विहिरीवर, सगळ्या बायकांच्या देखत, नंदाबाईला झाडलं होतं. "आईनं एवढंही शिकवलं न्हाई का गं? रिकामं सूप घेऊन माझ्या दारात आली!" पोरगी रडवेली होऊन घागर न भरताच गेली होती.

तिच्याच हातात आता कंदील दिला. "ठेव. सवडीनं आणून दे," एवढंच सोनूबाई म्हणाली. नंदाबाईनं मान हलवली आणि कंदील आत नेला.

निघायच्या आदल्या दिवशी सोनूबाईनं आपलं गाठोडं सोडलं. त्यात होतं काय मोठं? आईच्या लुगड्यांची शिवलेली एक गोधडी, एक पितळी तांब्या, एक नेसायचं. तिनं गोधडी सगुणाबाईकडं दिली आणि तांब्याही दिला. उद्या कुणी म्हणायला नको, म्हातारी आली ती आली आणि वर तिचं सामान. लुगड्याची एक घडी तेवढी काखेत राहिली. मग तिनं गाडीत चढून पोती सरकवली, गाठोडी दाबून बसवली आणि मागच्या कोपऱ्यात, पुष्पाच्या पाठीशी, जागा मोकळी केली. स्वतः बसूनही बघितलं. पाय पोटाशी घेतले तर बराबर बसता येत होतं. किती दिवसांत पहिल्यांदा तिला बरं वाटलं. अंग इतकं दमलं होतं की ती तिथंच घटकाभर डोळे मिटून पडली. पुष्पानं बघितलं आणि हसून म्हणाली, "आत्याबाई, आत्तापास्नंच बसल्या व्हय?"

"बघून राह्यले, टोचतंय का काही," सोनूबाई म्हणाली.

सकाळी उजाडायला लागलं आणि धर्मराजनं बैल जुंपले. सोनूबाई चूल विझवून, राख सारखी करून बाहेर आली. लुगड्याची घडी काखेत होतीच. गाडीजवळ जाऊन तिनं मागच्या कोपऱ्याकडं बघितलं.

तिथं कडबा भरला होता, खालपासून वरपर्यंत दाबून, दोरीनं आवळून.

धर्मराज बैलाच्या गळ्याखाली हात घालून उभा होता. बैलाकडंच बघत म्हणाला, "आक्का, जागा तू लई चांगली केलीस. कडबा मावला. न्हाईतर वाटेत बैलांचं काय केलं असतं? तिकडं उन्हाळ्याचा चारा कोण देणार?"

सोनूबाईनं गाडीचं चाक धरलं.

"घराला दिवा लागला पाहिजे, आक्का," तो पुढं म्हणाला. "ज्या घराला दिवा न्हाई, त्याची कवाडंसुद्धा लोक काढून नेऊन राह्यले. तू असलीस म्हंजी घर जागं राहील. तुला म्हातारीला कोण काय करतंय? मी येतो. बंदोबस्त लागला की येतोच."

किती दिवस हे शब्द त्याच्या पोटात होते कोण जाणे. रात्रंदिवस त्यानंही तेच ओझं वाहिलं असणार, तोंड ओढलेलं होतं त्याचं. पण सोनूबाईला त्याची दया आली नाही. मी पाटा उचलला, मी उखळ ओढलं, आणि कुणासाठी, तर बैलांसाठी? हे शब्द तिच्या ओठापर्यंत आले होते. तेवढ्यात पुष्पा पोट सावरत गाडीत चढली, बसली, आणि शेजारी बसलेल्या पोराला मांडीवर ओढून हातभर जागा करत म्हणाली, "आत्याबाई, या ना. हितं बसा माझ्यापाशी. ऊन व्हायच्या आत जल्दी निघू."

तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

गाडीत बसलेल्या द्वारकाबाईनं मान खाली घातली. धर्मराज बैलाचा कान चोळत राहिला. सोनूबाईनं एकदा दोघांकडं बघितलं आणि ती पुष्पाला म्हणाली, "मला कुठं सोसतंय गं गाडीचं हिसडणं! मीच म्हणलं धर्माला, मी राहते. तू त्या पोराला असं दाबू नकोस, नीट बस."

द्वारकाबाई खाली उतरली आणि तिच्या पाया पडली. उठताना तिनं वन्संचा हात घट्ट धरला आणि तिला रडूच फुटलं. "पाटा तरी ठेवते तुम्हाला," ती कशीबशी म्हणाली. अंगणात तो पडलाच होता.

"दिवा तेवढा लाव रोज," धर्मराज म्हणाला आणि त्यानं बैलांना हाक घातली.

दिवा! गाडी वेशीपाशी वळली तेव्हा सोनूबाईच्या ध्यानात आलं. कंदील नंदाबाईकडं, समई देवांबरोबर गाडीत. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण आता या माणसांकडं काही म्हणून मागायचं नाही, असं तिला वाटलं, आणि ती दारात उभीच राहिली.

घर तिनं काय सफा केलं होतं! आत जाऊन बघितलं तर पाणी काढायला घागर नाही, पीठ मळायला काठवट नाही, अंथरायला चिंधी नाही. खोकली तर खोकला भिंतीवर आपटून परत आला. हे सगळं आपल्याच हातांनी केलं. ती भिंतीला टेकून भुईवर बसली आणि मग रडली. मोठ्यानं रडली, कुणी ऐकायला नव्हतंच. रडता रडता तिथंच झोप लागली तिला, इतकी ती थकली होती.

ऊन कलल्यावर दारात कुणी खाकरलं. सगुणाबाई होती. डोक्यावर घागर, काखेत गोधडी.

"आक्का, तुमची घागर. सवडीनं आणून दे म्हणल्या व्हत्या ना," ती म्हणाली आणि घागर कोपऱ्यात टेकवली. घागर पाण्यानं काठोकाठ भरलेली होती. गोधडीच्या घडीत तांब्या, आणि तांब्यात ज्वारीचं पीठ. गाडी जाताना गावानं बघितली होती, दारात कोण उरलं तेही बघितलं होतं. सगुणाबाईनं त्यातलं काहीच काढलं नाही. "पाणी गोड हाय आज विहिरीला," एवढं म्हणून ती गेली.

मग पलीकडच्या आळीतली काठवट आली. तीत दोन भाकरी आणि ठेचा होता. मग परात आली, तिच्यात कांदे. कुणी गोधडीत गूळ बांधून आणला. येणारी प्रत्येक बाई तेच म्हणायची, "तुमचं भांडं, आक्का," आणि ठेवून जायची. सोनूबाई दर वेळी उठायची, भांडं घ्यायची, आणि परत भिंतीला टेकायची. आयुष्यभर बायकांवर तोंड सोडलं, आज तेच तोंड उघडत नव्हतं.

दिवेलागणीला नंदाबाई आली. ओट्याच्या खालीच उभी राहिली. तिच्या हातात कंदील होता, काच राखेनं घासून लख्ख केलेली.

सोनूबाईनं कंदील घेतला आणि सवयीनं हलवून बघितला. आत घासलेट डुचमळलं. गळ्यापर्यंत भरलेला होता. त्या दिवसांत घासलेट म्हणजे नुसती रांग, कंट्रोलच्या दुकानावर बाटलीभर मिळायचं ते महिनाभर पुरवायचं.

"अगं, तुझ्या घरात काय ठेवलंस?" सोनूबाईनं विचारलं.

"चिमणीपुरतं हाय," नंदाबाई खाली बघत म्हणाली. "रिकामा कसा आणायचा, आक्का? तुम्हीच बोल्ल्या व्हत्या विहिरीवर."

सोनूबाईला हुंदका आला आणि त्याच हुंदक्यात हसूही आलं. तिनं पदरानं डोळे पुसले, कंदील लावला आणि दाराच्या खुंटीला, रस्त्यावरून दिसेल असा टांगला. उजेड ओट्यावर पडला, अंगणातल्या पाट्यावर पडला. नंदाबाई जायला वळली होती.

"थांब," सोनूबाई म्हणाली. "भाकरी खाऊन जा. वर ये, बस अशी. जागा लई हाय घरात."