उसनी जागा

केंद्रप्रमुख भगवानरावांनी खुर्चीवर चढून नावं दाखवणाऱ्या विजेच्या पाटीचा प्लग उपटला. लाल अक्षरं विझली.

“चार वाजेपर्यंत थांबतो, पोरी. नाही जमलं तं भोंग्यावरून नावं पुकारतो. मंग तुझं कॉलेज अन् तुझा प्रोजेक्ट तू पाह.”

वर्षानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दारव्ह्याकडच्या त्या कापूस खरेदी केंद्रावर यंदा गाड्यांची रांग पार डांबरी रस्त्याला लागली होती. रांगेच्या नोंदणीचा प्रोग्रॅम तिनं हॅस्केल या संगणकभाषेत लिहिला होता. पाटी चालवणारा भाग यज्ञेश्वररावांनी, सी भाषेत. तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेले हे सर. तांड्यावरच्या या मुलीला त्यांनी सहावीपासून शिकवलं होतं.

तीन दिवस पाटी कधी बरोबर नाव दाखवी, कधी भलतंच. ज्याचं नाव दिसे त्याची गाडी आत जाई. पहिल्या दिवसापासून रांगेत असलेल्या हंसाबाईंचं नाव अजून एकदाही दिसलं नव्हतं.

यज्ञेश्वरराव स्टूल ओढून वर्षाशेजारी बसले. मुलांनाच बोलतं करायचं, ही त्यांची रीत.

“तुझ्याकडचं नाव माझ्याकडे कसं येतं? पहिलीतल्या पोराला सांगावं तसं सांग.”

“माझ्याकडं नाव म्हणजे नाव, सर. ते कुठं ठेवलं, मले पाहा लागत नाही. तुमच्या सीले पत्ता लागते. म्हणून मी मेमरीत थोडी जागा घेते, त्यात एकेक बाइट मांडते, नाव सरल्याची खूण म्हणून शेवटी शून्य ठेवते, अन् जागेचा पत्ता तुमाले देते.”

“आणि मग?”

“तुमी ‘झालं’ म्हणलं का जागा मोडते. तिथं दुसरं नाव बसते.”

“बरोबर. उसनी जागा ती. ज्याला नाव हवं त्यानं ते लगेच आपल्याकडे उतरवून...”

वाक्य तिथंच राहिलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग स्वतःची फाइल उघडली आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेले. बोट मध्येच थांबलं. नाव आलं की ती ओळ नुसता पत्ता जपून ठेवत होती. नाव उतरवून घेत नव्हती. पाळी येईतो त्या पत्त्यावर मागून आलेल्या कुणाचं तरी नाव बसलेलं असे.

वर्षा खिडकीबाहेर पाहत होती.

“तुला कधी कळलं?”

“परवा.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तुमची फाइल होती ना, सर.” तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. “माझ्याच बाजूनं काही होते काय, पाहून राह्यली होती. जागा न मोडताच पाह्यलं. पण मंग दुपारपर्यंत मेमरी भरते, मशीन बसते.”

सरांच्या लिहिण्यावर मुलांनी खाडाखोड करायची नाही, हा त्यांच्या ओसरीवरच्या शिकवणीचा पहिला नियम. घातलेला त्यांनीच.

त्यांनी कीबोर्ड तिच्याकडे सरकवला.

“लिही.”

“मी?”

“तूच. लांबी मोज, शून्यासाठी एक जास्त धर, मग उतरव. पाटीवरून नाव गेलं की माझी जागा मी सोडायची.”

तिनं चार ओळी लिहिल्या. पावणेचारला पाटी लागली. नववं नाव हंसाबाईंचं आलं. यज्ञेश्वरराव स्वतः फाटकापर्यंत चालत गेले.

“हंसाबाई, तुमची पाळी. फार थांबावं लागलं. चूक माझी होती.”

“तुमची?” बैलाची वेसण धरता धरता हंसाबाई थांबल्या. “अवो मास्तर, आमी तं तीन दिसांपासून त्या पोरीलेच शिव्या देऊन राह्यलो. मीच म्हणलं, शिकून आली अन् आमच्या जिवावर उठली. पोरगी आपली खालमानेनं आयकत जाये.”

यज्ञेश्वरराव बाजूला झाले. गाडी आत गेली.

ते परतले तेव्हा भगवानराव टेबलाला टेकून उभे होते. रांगेतले चारपाच जण दारात गोळा झाले होते.

“निस्तरलं ना शेवटी? काय घोळ केल्ता, पोरी?”

“बारीक चूक होती, काका,” वर्षा म्हणाली. तिनं मान वर केली नाही.

“ती ओळ मी लिहिलेली,” दारातूनच यज्ञेश्वरराव म्हणाले. आवाज वर्गातला होता, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. “हिनं ती दुरुस्त केली.”

ओळ म्हणजे काय, ते भगवानरावांना कळलं नसावं. “असू द्या, असू द्या सर, होते असं,” म्हणत त्यांनी खुर्ची पुसून पुढं केली.

सर बसले नाहीत.