चारवर थांबलेला आकडा

नऊ. कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्याच्या तळाशी तो पांढरा आकडा, शर्टाच्या बटणाएवढा, आणि वर दोन ओळी—पहिली नवऱ्याच्या नव्या सिस्टीमची, दुसरी तिच्या जुन्या सिस्टीमची. आठ. दहा सेकंदांत दुसरी ओळ निवडली तर कॉम्प्युटर तिचा. नाही तर आपोआप त्याचा. तिच्या एका हातात टेप, दुसऱ्यात कपड्यांचा गठ्ठा, गठ्ठा ठेवायला खुर्चीवर जागा नाही, कारण खुर्चीवर त्याची पक्कड, त्याच्या वायरी... तीन, दोन. ती टेबलाशी पोहोचली आणि त्याच्या सिस्टीमची निळी खिडकी उघडली. बंद करा, पुन्हा लावा. रोजचंच आहे हे, आणि रोज तळपायाची आग मस्तकात जाते.

अकरा वाजता शाळेतल्या बाई यायच्या होत्या. ऑपरेशननंतर त्यांची छाती एका बाजूनं सपाट झालेली, खांदा बोटभर उतरलेला. तयार ब्लाउज अंगावर लोंबतो म्हणून पहिल्यांदा आल्या तेव्हा मापं देतानाच रडल्या होत्या. त्यांचा नमुना तिनं चार दिवस बसून आखला होता. अशी शंभरेक माणसं त्या जुन्या सिस्टीमात होती—पाठीला बाक आलेले पोस्टमन, एक हात आखूड असलेली ती मुलगी—कारण आखायचा प्रोग्रॅम नव्या सिस्टीमात उघडतच नाही. आणि आज दुपारी तो ते सगळं पुसणार होता.

काल जेवताना म्हणाला, "तुझी बाजू काढून टाकतो. मला जागा पुरत नाहीये. फाइली ठेवू की काढून. चालेल ना?" फाइली! ज्या उघडणार नाहीत त्या फाइली काय उशाला घेऊन झोपायचं? हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण त्यानं एक घास घेतला, चावला, गिळला, आणि म्हणाला, "ठरलं मग."

एवढाच वेळ. नेहमी एवढाच. भिंतींना हा राखाडी रंग—चालेल ना?—ठरलं मग. लेकीला वसतिगृहात ठेवू... तेव्हा ती दाराच्या कडीशी चाळा करत उभी होती, शब्द जुळवत होती, आणि तेवढ्यात तो फोन लावायलाही गेला. तिची कारखान्यातली कटिंग मास्तरची नोकरी, वीस बायका हाताखाली, तीही अशीच गेली. त्यानं कधी आवाज चढवला नाही. लोक म्हणतात, किती विचारून करतो सगळं! विचारतो, हो. मग मनातल्या मनात मोजतो.

आणि मी? मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसते. पंचवीस वर्षं एका बाईला "नाही" म्हणता येऊ नये? दोन अक्षरं! त्याच्यावर चिडणं सोपं आहे, पण मी उत्तर देत नाही हे त्याला ठाऊक आहे, आणि त्याला ठाऊक आहे हे मला ठाऊक आहे... थू.

दहा. पडदा पुन्हा काळा. नऊ, आठ—तिनं तो गठ्ठा रागानं टेबलावरच आदळला, त्याचं टोक कीबोर्डवर पडलं. चार.

चार.

ती वाट पाहत राहिली. आकडा हललाच नाही. मग तोही पडद्यावरून गेला. दोन ओळी तेवढ्या उरल्या, शांत, कुणाचीच घाई नसलेल्या.

"अहो," ती ओरडली, "हे मोजायचं थांबलं!"

तो दारात आला, हात पुसत. "थांबणारच. कुठलंही बटण दाबलं की थांबतं. मग बस निवांत. तुला माहीत नव्हतं?"

"दोन वर्षं रोज धावत येतेय मी इथं. तुम्हाला दिसत नव्हतं?"

"मला वाटलं, माहीत असेल. तू कधी विचारलं नाहीस." तो हसला, अगदी साधं. "बरं, दुपारी करून टाकू ना ते? चालेल ना?"

आणि त्यानं नजर खिडकीबाहेर वळवली. मोजतोय. हे तिला आज उघड्या डोळ्यांनी दिसलं, आणि राग इतका दाटून आला की तिनं हातातला टेप बोटांभोवती करकचून आवळला.

"थांबा," ती म्हणाली.

"का? काय झालं?"

"काही नाही. थांबा."

तो गोंधळला. पक्कड उचलली, परत ठेवली, पण गेला नाही. ती खुर्चीवरच्या वायरी खाली सारून बसली. जुनी सिस्टीम तरी कुठं धड होती—मध्येच अडकायची, तिनं तिला शिव्याही घातल्या होत्या. ठेवायचीय का? नक्की काय हवंय मला? तिला माहीत नव्हतं. पंचवीस वर्षांत त्या प्रश्नापर्यंत पोहोचायला वेळच पुरला नव्हता. राग अजून होताच, पण आता त्याला घाई नव्हती. दोन ओळी समोर, तो पाठीमागे उभा, आणि मोजायला कुणी नाही.